बरडावरचं अंजन-पळसाचं रान: ढोरांना पाला आणि घराला जळतण, दोन्ही कसं बसवता?

बरडवाला

राम राम मंडळी. धुळे तालुक्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं सात एकर बरड आहे. वरच्या अंगाला निव्वळ मुरूम, तिथे अंजन. मधल्या उतारावर पळस, खैर, हिवर आणि मोकार बोराटी. खाली नाल्याच्या कडेला थोडी काळी माती, तिथे बाभळी. बांधापलीकडे गावाचं गायरान. घरी दोन गायी, पंधरा बकऱ्या आणि तीन एकर कपाशी.

वडील होते तोवर दर उन्हाळ्यात अंजनाचा पाला उतरवला जायचा. गेली काही वर्षं ज्याला जसं जमेल तसं तोडलंय. आता झाडं म्हणजे नुसते खांब आणि शेंड्याला चार डहाळ्या. गवत बघाल तर कुसळी, तीही दिवाळीपर्यंत संपते. तरवड मात्र जोरात.

मोठे भाऊ म्हणतात, सोलरवाल्यांना भाड्याने देऊन टाकू. गावातले शिकलेले म्हणतात, पाच वर्षं चराई बंद, कुऱ्हाड बंद, आपोआप जंगल होतं. मला ते पटतं, पण पाच वर्षं बकऱ्यांना काय वर्तमानपत्र खाऊ घालू? बाजारात कडब्याची पेंडी काय भावाने मिळते ते सगळ्यांना माहीत आहे.

मला हे रान जिवंतही ठेवायचंय आणि त्यातून पाला, गवत, जळतणही काढायचंय. कुणी केलंय का? अंजन नेमका कुठे आणि कधी तोडायचा, इथपासून सांगा.

---

सातपुडी

बकऱ्या विका. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. बकरीने खाल्लेलं झाड परत उठत नाही.

---

रानातला_आप्पा

सातपुडीभाऊ, बकरीवर नंतर येतो. आधी अंजनाचं.

माझी नोकरी वनखात्यात गेली, बरीचशी तापीच्या उत्तरेला, थोडी चाळीसगावकडे. खान्देशच्या मुरमाड उतारावर टिकणारं झाड म्हणजे अंजन. पान आपट्यासारखंच, फक्त मधून पार देठापर्यंत चिरलेलं. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि जुन्या अंजनाच्या गाभ्यावर कुऱ्हाडीची धार बोथट होते. गाडीच्या कण्याला, तेलाच्या घाण्याला तेच वापरायचे. कोवळ्या फांद्यांच्या सालीची दावी वळायचे. आता दावी नायलॉनची झाली, पण पाला अजून कामाचा आहे, कारण तो कधी येतो ते महत्त्वाचं. थंडी सरताना अंजन थोडे दिवस उघडा पडतो आणि अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास नव्या पालवीने भरतो. गायरानावर काडी नाही, कडबा संपत आलाय, पाऊस लांब आहे, अशा वेळी डोक्याएवढ्या उंचीवर हिरवा चारा. बहात्तरच्या दुष्काळात कितीतरी ढोरं या पाल्यावर तगली.

आता तोडणी. तुमची झाडं खांब का झाली? दरवर्षी प्रत्येक झाड ओरबाडलं म्हणून. झाडाला पालवी फुटते ती मुळात साठवलेल्या अन्नावर. पालवी आली की तोडली, पुन्हा आली की पुन्हा तोडली, तर साठा भरणार कधी?

झाडांचे चार वाटे करा. खोडाला चुन्याच्या खुणा करा, नाहीतर तोडणारा माणूस सोयीचं झाड बघतो. एका उन्हाळ्यात एकच वाटा. म्हणजे प्रत्येक झाडाला मधे तीन वर्षं विश्रांती. ज्या वर्षी पाऊस पार गेला त्या पुढच्या उन्हाळ्यात फार हात लावू नका. तेव्हाच लावावासा वाटतो, हे मला ठाऊक आहे.

तोडताना सगळा डेरा उतरवायचा नाही. वरचा एक तृतीयांश राहू द्यायचा. फांदी कापताना आधी खालून खाच, मग वरून घाव. नुसता वरून घाव घातला की फांदी मोडताना खोडाची साल सोलून खाली येते, आणि त्या जखमेतून झाड आतून पोखरतं. कोयता धारदार हवा. बोथट कोयत्याने चेचलेल्या फांदीला धड फूट येत नाही.

नवीन, मनगटापेक्षा थोडे जाड अंजन असतील तर त्यांचा माथा सात फुटांवर छाटा. फूट वरून निघते, बकरीच्या तोंडाला लागत नाही. बकरी मागच्या पायांवर उभी राहून पाच-साडेपाच फुटांपर्यंत पोचते, गाय मान वर करून थोडी अधिक. सात फूट म्हणजे दोघींच्या वर, आणि तुमचा हात आकडीने सहज पोचतो.

पळसाचं उलट. तो बुंध्याशी कापला तरी फुटतो, मुळातूनही फुटतो. धावडा असेल तर तोही बुंध्यातून चांगला येतो. हे जळतणासाठी ठेवा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, उतरता काप, म्हणजे पाणी थांबणार नाही. वेळ पानगळीनंतर, नवी पालवी फुटायच्या आधी. पुढच्या पावसाळ्यात एका बुंध्याला पंधरा-वीस फुटवे येतील. दुसऱ्या वर्षी त्यातले सरळ दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. काढलेले फुटवे पण जळतणच आहेत.

बाभळीला मात्र बुंध्याशी हात लावू नका. बाभूळ फुटव्याने येत नाही म्हटलं तरी चालेल, ती बियांनी येते. त्यावर पुढे लिहितो.

---

सातपुडी

आप्पा, सगळं मान्य. पण फुटव्याचं म्हणताय, आणि बकऱ्या मोकळ्या? वीस फुटव्यातला एक तरी राहील का?

---

रानातला_आप्पा

म्हणूनच एका वर्षी एकच तुकडा कापायचा. कापलेल्या तुकड्यात दोन-तीन पावसाळे बकरी नाही, बाकीच्या रानात आहे. खात्यातसुद्धा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, तुटला की तो बंद करतात, सगळं जंगल बंद करत नाहीत.

---

मेंढक्याचा_नातू

बरडवाले दादा, बकरीले नावं ठेवू नका भो. 😀

मी साक्री तालुक्यातला, ठेलारी. आजोबा आणि काका अजून मेंढ्या घेऊन फिरतात, मी नाशिकला नोकरीला. दिवाळी झाली की वाडा (मेंढ्या-बिऱ्हाडाचा तांडा) निघतो, पावसाच्या तोंडावर परत येतो. बाहेर असतो तेव्हा लोक बोलावून शेतात मेंढ्या बसवतात, खताचे पैसे किंवा धान्य देतात. घरी येतो तो काळ नेमका जून ते ऑक्टोबर. आणि गावोगावची चराईबंदी कधी सुरू होते? जूनमध्ये. म्हणजे वर्षभरात ज्या चार-पाच महिन्यांत आम्हाला गावाचं गायरान लागतं तेवढेच महिने ते बंद. मग मेंढ्या रात्री घुसतात, भांडणं होतात, कुणाचा तरी हात मोडतो. दोष कोणाला जातो ते सांगायला नको.

आजोबांचं साधं गणित होतं. पहिल्या पावसात काळ्या मातीवर मेंढी नाही. खूर रुततात, माती थापली जाते, गवताचा कोंब उपटून येतो. तेव्हा वर मुरमावर चारायचं, तिथे गवत कमी पण पाय रुतत नाही. महिना-दीड महिन्याने खालचं गवत गुडघ्याला आलं की मग तिकडे, तेही कळप एका जागी रेंगाळू न देता. आणि कुसळी फुलोऱ्यावर आली की तिथून मेंढरं काढायचीच. कुसळ लोकरीत घुसतं, मग कातड्यात, कधी डोळ्यात. कातरणी करताना कळतं किती आत गेलंय ते.

बंदी करा, पण सगळीकडे एकाच वेळी नको. गायरानाचे तीन भाग करून एक उघडा, दोन बंद, आणि पुढच्या वर्षी फिरवायचं. एवढं झालं तरी आमचे लोक पाळतात. त्यांना विचारून ठरवलेलं असेल तर.

---

गोठ्यातली_डॉक्टर

मी पशुवैद्यक, जळगाव जिल्ह्यात. आधी कागदावर हिशोब मांडू, म्हणजे सात एकरांकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल.

तीनशे किलोची गाय दिवसाला तिच्या वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे साडेसात किलो. दोन गायी, १५ किलो. तीस किलोच्या बकरीला किलोभर धरा. पंधरा बकऱ्या, आणखी १५ किलो. एकूण दिवसाला ३० किलो.

सात एकर म्हणजे २.८ हेक्टर. तुमच्यासारख्या ओरबाडलेल्या कुसळीच्या माळावर हेक्टरी दीड टन वाळलं गवत मिळालं तरी चांगलं वर्ष म्हणायचं. झाले ४.२ टन. त्यातलं निम्मं जमिनीवर राहायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी तेवढंही नाही. उरले २.१ टन. भागिले ३० किलो: सत्तर दिवस.

म्हणजे रान तुमची ढोरं वर्षभर पोसणार नाही, कुणीही काही सांगो. रानाने कोणते सत्तर दिवस भागवायचे हे मात्र तुम्ही ठरवू शकता. आज ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खर्ची पडतंय, जेव्हा बांधावर, तणात, सगळीकडे हिरवं असतं. तेच गवत दिवाळीच्या आधी कापून वाळवून गंजी घातली तर फेब्रुवारी-मार्चला हाती राहतं. एप्रिल-मेला आप्पांचा अंजन. पण पाला हा जोड चारा, पोटभर नाही. खैर-धावड्याच्या जून पानात टॅनिन जास्त असतं, नुसत्या त्याच्यावर ठेवलं तर जनावर खातं पण अंगाला लागत नाही. पाला आणि कडब्याची कुट्टी मिसळून द्या.

कापणीची वेळही महत्त्वाची. फुलोऱ्यात कापलेलं गवत आणि पार वाळून पिवळं पडल्यावर कापलेलं गवत यात प्रथिनांचा फार फरक. आपल्याकडे लोक सोयाबीन-कपाशीच्या गडबडीत गवत शेवटी कापतात आणि म्हणतात गायी खात नाहीत. काड्या कशा खातील?

बांधावर सुबाभूळ, शेवरी लावा, पण सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर नको. त्यात मायमोसिन असतं, केस गळतात, गलगंड होतो. घोड्याला तर देऊच नका.

आणि रानात घाणेरी असेल तर ती उपटा. भुकेलं जनावर उन्हाळ्यात ती खातं, यकृत जातं, मग उन्हात कातडी सोलली जाते. दर उन्हाळ्यात अशा दोन-चार गायी येतात.

---

कान्हदेशी

तरवड जोरात आहे म्हणताय, हीच खूण आहे. तरवडाला तोंड लावत नाहीत म्हणून तो उरतो. पळसही म्हशी सोडून फारसं कोणी खात नाही. ज्या माळावर नुसते तरवड, पळस आणि रुई, तिथे चराई जास्त झाली असं डोळे झाकून सांगता येतं. लळिंगचं कुरण आणि हायवेच्या दुसऱ्या अंगाचे गावठी माळ बघा, काय उरलंय ते लगेच दिसेल.

---

पराटी_पेटवणारी

चारा झाला, आता चुलीचं पण बोला. तोडायला माणूस जातो, मोळी डोक्यावर बाईच्या असते.

आमच्या घरी गॅस आहे. चहा, भाजी गॅसवर. भाकरी, आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबवण, सगळं चुलीवर. सहा माणसांत दिवसाला पाच-सहा किलो लाकूड जातं, वर्षाला दोन टनांच्या आसपास. यातलं रानातून किती आणायचं?

खान्देशात उत्तर शेतातच पडलेलं असतं. कपाशीच्या पराट्या. एकरी साधारण टनभर निघतात. दादांची तीन एकर कपाशी, म्हणजे तीन टन. वर तूर असेल तर तुऱ्हाट्या. हिवाळा आणि उन्हाळा त्यावर निघतो. पराटी भडकन पेटते आणि भडकन विझते, भाकरीला बरी, पाण्याला नाही. पावसाळ्यात ती ओल धरते, धूर डोळ्यात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने आणि लग्नकार्य एवढ्यासाठीच पक्कं लाकूड लागतं. ते सात-आठ क्विंटल. आप्पांच्या हिशोबाने एका वाट्याच्या छाटणीत एवढं निघायला हरकत नसावी.

फक्त एक. कृषीवाले सांगतात पराट्यांचे ढीग शेतात ठेवू नका, गुलाबी बोंडअळीचे कोष त्यात राहतात आणि पुढच्या कपाशीवर येतात. ते खरं आहे. फरतड (वेचणीनंतर तीच कपाशी राखून घेतलेलं पुढचं पीक) न घेता जानेवारीपर्यंत पराट्या उपटा, बकऱ्यांना आधी शेतात सोडून उरलेली बोंडं-पानं खाऊ घाला, मग घराशी आणून रचा आणि पावसाच्या आत जाळून संपवा. शेताच्या बांधावर ढीग नको. आमच्याकडे बरेच जण आता रोटाव्हेटर फिरवून पराटी जमिनीत गाडतात, जमिनीला चांगलं आहे, पण मग त्यांच्या घरच्या बाया रानात जातात.

आणि बोराटी तोडून फेकू नका. हिवाळ्यात कापा, अंगणात दोन दिवस वाळू द्या, काठीने झोडपा. पाला खाली पडतो, बकऱ्या तुटून पडतात. उरलेले काटे कुंपणाला. तिसऱ्या वर्षी कुंपण बदलताना जुने काटे चुलीत. बोराटी तीनदा कामाला येते.

---

सातपुडी

ताई 🙏 हे शेवटचं भारी होतं.

---

दप्तरवाला

कायद्याचं थोडं, कारण कोयता हातात घेण्याआधी ते बघावं लागतं.

१. सातबारा नीट वाचा. पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) वेगळं आणि इतर हक्कात 'वन' असा शेरा वेगळा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यात जमीन गेली असेल तर ती तुमची राहिलेली नाही, कितीही वर्षं वहिवाट असो. फेरफार काढून बघा.

२. जमीन स्वच्छ मालकीची असली तरी १९६४ च्या झाडतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीतली झाडं परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. साग, खैर, मोह, आंबा, चिंच ही त्यातली. चाऱ्यासाठी फांद्या छाटणं आणि झाड पाडणं यात फरक आहे, पण माथा-छाटणी किंवा बुंध्याशी कापणी करायच्या आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाऊन झाडांची यादी दाखवून लेखी विचारा. खैराच्या बाबतीत तर नक्कीच, कारण काताच्या चोरट्या धंद्यामुळे खैराचं लाकूड दिसलं की आधी संशय तुमच्यावर. घराबाहेर लाकूड न्यायचं तर वाहतूक पास.

३. गायरान तुमच्या बांधाला लागून असलं तरी ते गावाचं. २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली आहेत. तेव्हा तिथे काही करायचं तर ग्रामसभेचा ठराव करूनच. तीन भाग करायची मेंढक्यांच्या नातवाची सूचना ठरावात घालता येते, आणि त्या ठरावाला त्यांच्या लोकांना बोलवा. माझ्या माहितीतले बहुतेक ठराव मोडले ते याच कारणाने, चारणारा सभेत नव्हता.

नंदुरबारकडच्या मंडळींसाठी वेगळं: २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आणि सामूहिक वनसंपत्ती राखायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला मिळतो. ज्यांचा दावा मंजूर झाला त्यांना वरची सगळी पाळी-पद्धत आपल्या जंगलात स्वतः ठरवता येते.

---

पांझराकाठ

इतकी चर्चा झाली आणि बारीपाड्याचं नाव नाही? साक्री तालुक्यातलाच पाडा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने चारशे हेक्टरच्या वर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दोन्ही. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तेव्हा 'बंदीने काही होत नाही' हे मला पटत नाही. बंदीनेच झालंय.

---

रानातला_आप्पा

पांझराकाठभाऊ, बारीपाड्याचं काम पहिल्या प्रतीचं आहे, त्यात दुमत नाही. तिथे बंदी चालली कारण ती गावाने स्वतः घातली आणि राखणही स्वतः केली. वनखात्याने पाटी लावली म्हणून ते जंगल उभं राहिलेलं नाही.

पण दोन गोष्टी सोडून देऊ नका. एक, साक्रीचा पश्चिम पट्टा घाटाच्या कडेला आहे, तिथे पाऊस आपल्या धुळे-पारोळा-अमळनेरपेक्षा पुष्कळ जास्त. तिथे राखलेलं रान जितक्या वेगाने उठतं तितक्या वेगाने मुरमाचं बरड उठत नाही. दोन, उजाड झालेल्या रानाला सुरुवातीला पूर्ण विश्रांती द्यावीच लागते, त्याला माझा विरोध नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. रान उठल्यावर कुऱ्हाड कायमची बंद ठेवली तर काय होतं ते मी तापीपलीकडच्या राखलेल्या तुकड्यात पाहिलंय. फुटवे दाटीने वाढतात, एकही जाड होत नाही. खाली सावली पडून पवन्या-मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं जातात. गवत कापलं नाही म्हणून वाळून साठतं आणि फाल्गुनात कुणीतरी मोहफुलं वेचायला पाचोळा पेटवतो, ती आग सगळ्या रानात पसरते. पाच वर्षांची राखण एका दुपारी जाते. त्याच रानात दरवर्षी गवत कापून नेलं असतं, फुटवे विरळले असते, तर आगीला खायला काय मिळालं असतं?

मी स्वतः म्हणेन, बरडवाल्यांनी सातपैकी दोन एकर, सगळ्यात खराब झालेले, तीन पावसाळे पूर्ण बंद करावेत. उरलेल्या पाचात पाळी लावावी. सगळं बंद केलं तर तिसऱ्याच महिन्यात कोणीतरी रात्री फांदी तोडेल, बहुधा घरचंच.

---

पांझराकाठ

पावसाचा मुद्दा मान्य. आगीचाही. मोहाखाली पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून घ्यायला सांगून आम्ही थकलो. तरी मला वाटतं तुम्ही पाळीवर जरा जास्त विश्वास ठेवताय. पाळी पाळायला रोज कोणीतरी लक्ष द्यावं लागतं, बंदीला एक राखणदार पुरतो.

---

मेंढक्याचा_नातू

रोज लक्ष द्यायला चारणारा माणूस तिथे असतोच ना दादा. त्याच्याच हातात पाळी द्या.

---

बरडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल वाटलं नव्हतं. सातबारा काढला, 'वन' शेरा नाही. रेंज ऑफिसला पुढच्या आठवड्यात जातो.

माझा बेत असा. वरच्या अंजनाचे चार वाटे, खुणा करून. मधल्या उतारावरचे दोन एकर बोराटीचं कुंपण घालून तीन पावसाळे बंद. तरवड-घाणेरी उपटून तिथेच आडवी टाकायची, म्हणजे पाणी थोडं अडेल. नाल्याकडचं काळं पावसाळ्यात बंद, दिवाळीआधी कापणी. बकऱ्या पावसाळ्यात मुरमावर. भावांना हिशोब दाखवला, ते म्हणाले एक वर्ष बघू. सोलरवाल्याचा फोन मात्र अजून येतोच.

दोन प्रश्न राहिले. पवन्या-मारवेल परत कसं आणायचं, आता नावालाही नाही. आणि अंजन, बाभूळ नवीन लावायचे तर नर्सरीतून रोपं आणू का?

---

गोठ्यातली_डॉक्टर

गवताचं मी सांगते. आधी नाल्याच्या काठाला, बोराटीच्या जाळीत बघा. जिथे तोंड पोचत नाही तिथे मारवेलचे दोन-चार ठोंब हमखास सापडतात. मारवेलाची ठोंबं फोडून पावसाच्या सुरुवातीला लावता येतात, कांड्यांपासूनही ते येतं. पवन्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ओल्या मातीत-शेणात कालवून गोळ्या करून टाकायचं, नुसतं बी वाऱ्याने उडतं, मुंग्या नेतात. बंद केलेल्या तुकड्यात स्टायलोचं बी विस्कटा, तो शेंगवर्गीय आहे, नत्र देतो, मुरमावर टिकतो.

आणि कापणीच्या वेळी दरवर्षी एक पट्टा न कापता सोडायचा, बी झडेपर्यंत. पुढच्या वर्षी दुसरा पट्टा. आपल्याकडे पवन्या गेला तो बी पडायच्या आत विळा लागत राहिला म्हणून.

---

रानातला_आप्पा

अंजनाची पिशवीतली रोपं नकोत. अंजन आधी खाली जातो. वर चार पानं दिसतात तेव्हा सोटमूळ पिशवीच्या तळाला वेटोळं घालून बसलेलं असतं, आणि वेटोळं बसलेलं मूळ मुरमात शिरत नाही. बी थेट जागेवर टाका. मे महिन्यात चपट्या पंखासारख्या शेंगा वाऱ्याने झडतात, टोकाला एक बी. ताजंच हवं, वर्षभर ठेवलेलं फारसं उगवत नाही. सगळ्या वर्षी चांगलं बी धरत नाही, मधे काही वर्षं कोरडी जातात, म्हणून धरलं त्या वर्षी भरपूर टाका. खाचा पाडून पहिल्या पावसाआधी पेरा. रोप पहिली काही वर्षं उन्हाळ्यात वरून वाळेल, मेलं समजून उपटू नका. मूळ खाली काम करत असतं.

बाभळीचं काम सातपुडीभाऊंच्या शत्रूकडे द्या. उन्हाळ्यात बकऱ्यांना बाभळीच्या शेंगा खाऊ घाला. बी पोटातून जाताना त्याचं कवच मऊ होतं, आणि सकाळी वाडग्यात लेंड्यांत किंवा रवंथ करताना तोंडातून टाकलेलं सापडतं. ते झाडून घ्या, नाल्याकडेला जूनमध्ये टाका. झाडावरून काढलेल्या बियांपेक्षा हे कितीतरी चांगलं उगवतं. जुने लोक बाभूळबन करायचे ते असंच.

पण हे करताना वेड्या बाभळीच्या शेंगा बकऱ्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. गोड असतात, आवडीने खातात, आणि तिचंही बी याच वाटेने तुमच्या बरडावर येईल. ती एकदा शिरली की काढताना कंबर मोडते.

---

सातपुडी

बरं आप्पा, बकऱ्यांवरची तक्रार तूर्त मागे. वेड्या बाभळीच्या शेंगा आमच्याकडे अनेर नदीच्या काठाला पडून असतात, पोरं पोती भरून ढोरांना आणतात. त्या दळून दिल्या तर बी मरतं का?

---

गोठ्यातली_डॉक्टर

बारीक दळल्या तर बी फुटतं, मग पसरत नाही आणि पचतंही चांगलं. पण कडक उन्हात खडखडीत वाळवून दळा, ओलसर असल्या तर गिरणीत चिकटतात. आणि खुराकात थोड्याच. महिनोन्महिने नुसत्या शेंगांवर राहिलेल्या गायीचा जबडा लुळा पडतो, चघळता येत नाही, मान एका बाजूला जाते. पोरांना सांगा, पोती आणा, पण आधी गिरणीकडे.